रानडुकराला आवतण

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढं बंदूक येते, झुडपं बडवत येणारे हाकारे येतात, पुढं पळणारं जनावर येतं. रानडुकराच्या बाबतीत हे चित्र अर्धंच खरं आहे. या जनावराच्या मागं धावून शिकारी दमतो. म्हणून जगात बऱ्याच ठिकाणी त्याच्या मागं धावण्याऐवजी त्याला बोलावून घेतात. आवडीचं खाणं ठरलेल्या जागी ठेवायचं, चार-आठ दिवस त्याला निर्धास्त खाऊ द्यायचं, आणि सवय लागली की नेमक्या वेळी दबा धरून बसायचं. आमच्या सातारा-सांगलीच्या भाषेत सांगायचं तर हे जेवणाचं आवतण आहे. जेवायला बोलावलेला पाहुणा परत जाणार नाही, एवढाच फरक.

कविता लिहिणाऱ्या माणसानं या विषयावर का बोलावं, असं कुणाला वाटेल. आमच्या घरात तर या जनावराचं नावसुद्धा घेत नसत. आजी त्याला 'बद जानवर' म्हणायची आणि तेवढं बोलूनही तोंड वाकडं करायची. पण शिराळ्याकडं आमच्या भाऊबंदांची शेती आहे, त्यात भुईमूग असतो, आणि भुईमूग उकरणारं जनावर शेतकऱ्याला जातधर्म विचारत नाही. सकाळी उकरलेलं रान बघून आमचे चाचा जे बोलायचे, तेच शेजारच्या बांधावरचे पाटील बोलायचे. तेव्हा हा विषय ताटातला नाही, तो शिवारातला आहे. आणि शिवारात हल्ली या आवतणाचं जे रूप झालं आहे, त्यात माणसं आणि मुकी जनावरं दोन्ही जायबंदी होत आहेत. म्हणून बोलायचं.

आधी जनावर समजून घेऊ. रानडुकराची नजर बेताची असते. त्याचं सगळं जग नाकात असतं. नाकाच्या टोकाला एक चपटी, टणक चकती असते, तिला आतून लहानशा हाडाचा आधार असतो. या चकतीनं ते जमिनीखालचा कंद हुंगतं आणि त्याच चकतीनं ती जमीन उकरतं. एकाच अवयवानं शोधायचंही आणि नांगरायचंही, अशी सोय निसर्गानं फार थोड्या प्राण्यांना दिली आहे. खाण्यात त्याला विधिनिषेध नाही. कंद, मुळं, पडलेली फळं, धान्य, किडे, हुमणीच्या अळ्या, बेडूक, साप, मेलेलं जनावर, सगळं चालतं. हुमणी खातं तेव्हा ते शेतकऱ्याचं कामच करत असतं. जंगलात माती भुसभुशीत करतं, बिबट्या आणि रानकुत्र्यांचं पोट भरतं. रानात त्याची जागा आहे आणि ती महत्त्वाची आहे.

त्याचं कुटुंब कसं असतं, हेही लक्षात ठेवायला हवं. माद्या आणि पिल्लं कळपानं राहतात, मोठा नर बहुधा एकटा हिंडतो. कळपाची वाट एखादी जाणती मादी ठरवते. कुठं पाणी आहे, कुठं चिखलात लोळायला जागा आहे, कुठं धोका झाला होता, हे तिच्या डोक्यात पक्कं असतं. गाभण राहिल्यापासून सुमारे ११५ दिवसांत मादी विते. एका वेताला चार ते सहा पिल्लं होतात, त्यांच्या अंगावर पट्टे असतात. यातली खरी मेख अशी, की हे गणित पोटावर चालतं. खाणं तुटपुंजं असेल तर वेत लहान होतं, पिल्लं मरतात. खाणं मुबलक असेल तर पिल्लं जगतात आणि त्यांतल्या माद्या वर्षाच्या आतबाहेरच स्वतः गाभण राहू लागतात. रानडुकरांची संख्या बंदुकीपेक्षा धान्याच्या कणगीवर जास्त अवलंबून असते.

या जनावराशी आपलं नातं जुनं आणि दुपदरी आहे. एकीकडं वराह हा विष्णूचा अवतार. चालुक्यांचं राजचिन्ह वराह. विजयनगरच्या सोन्याच्या नाण्याला वराहच म्हणत, आपण ज्याला होन म्हणतो ते. दुसरीकडं त्याच चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं इसवी सन ११२९च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात शिकारीचे प्रकार आहेत आणि डुकराचं मांस कसं रांधावं तेही आहे. ध्वजावर वराह आणि ताटातही वराह, यात त्या काळच्या राजाला काही वावगं वाटलं नाही.

खाणं घालून डुकरं जमवण्याची आपल्या देशातली प्रसिद्ध जागा उदयपूरची. पिछोला तलावाच्या काठी मेवाडच्या महाराण्यांची 'खास ओदी' होती. ओदी म्हणजे शिकारीसाठी बांधलेलं भक्कम ठाणं. तिथं रोज संध्याकाळी धान्य टाकलं जाई आणि आसपासच्या टेकड्यांवरून रानडुकरांचे कळप उतरून येत. हा देखावा बघायला परदेशी प्रवासी मुद्दाम जात. इंग्रज अधिकाऱ्यांची तऱ्हा वेगळी होती. घोड्यावर बसून भाल्यानं डुक्कर मारणं हा त्यांचा मर्दानी खेळ. मीरतजवळ त्यासाठी 'कादिर कप' नावाची स्पर्धाच भरायची. त्यांना आमिष लावून मारणं कमीपणाचं वाटे. आपल्या घाटमाथ्यावर रूढ होता तो हाका. गावच्या गाव निघायचं, कुत्री घ्यायची, ढोल वाजवत रान हुसकायचं. या पद्धतीत आरडाओरडा फार, धावपळ फार आणि हाती लागणारं जनावर एखाददुसरं.

आमिषाचं शास्त्र वाढवलं ते अमेरिकेनं. गंमत अशी, की तिथं रानडुक्कर मुळात नव्हतंच. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी पाळीव डुकरं नेली. हर्नांडो द सोटो हा १५३९ साली फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्याबरोबर डुकरं होती. सुटलेली डुकरं रानटी झाली, पुढं शिकारीच्या हौसेपायी युरोपातली रानडुकरं आणून सोडली गेली, दोन्हींची सरमिसळ झाली. आज तिथल्या कृषी खात्याच्या अंदाजानं अशी साठ लाखांवर जनावरं तिथं आहेत.

टेक्सासमधल्या रानात तिपाईवर ठेवलेलं एक पिंप दिसतं. खाली फिरती चकती, तिला घड्याळ जोडलेलं. पहाटे आणि तिन्हीसांजेला चकती गरकन फिरते आणि मक्याचे दाणे चहूबाजूंना उडतात. चार दिवसांत डुकरांना त्या आवाजाची ओळख पटते. शाळेची घंटा वाजल्यावर पोरं सुटतात तशी ती येतात. हरणांनी मका खाऊ नये म्हणून दुसरी युक्ती करतात. मका पाण्यात भिजत ठेवून आंबवतात. आंबूस वासानं हरणं दूर राहतात, डुकराला मात्र तो लांबून बोलावतो. कुणी जमिनीत हातभर खोल, अरुंद खड्डा करून त्यात मका भरतात. डुक्कर तो उकरत बसतं आणि जागेवर जास्त वेळ थांबतं. झाडाला छायाचित्रं टिपणारा कॅमेरा बांधलेला असतो. कळपात किती जनावरं, किती वाजता येतात, सगळं शिकाऱ्याला घरबसल्या कळतं. २०११ साली टेक्सासनं हेलिकॉप्टरमधून डुकरं मारण्यासाठी शिकाऱ्यांना जागा विकायलाही परवानगी दिली.

एवढं करून डुकरं कमी झाली का? नाही झाली. आणि आपल्याला शिकायचं आहे ते इथंच.

पहिलं कारण असं, की पिंपाजवळ गोळी झाडली तर एक, फार तर दोन जनावरं पडतात. उरलेला कळप उधळतो. जाणती मादी ती जागा आणि तो प्रसंग विसरत नाही. पुढं तो कळप रात्रीच येतो, वाट बदलतो, फुटून दोन-तीन शिवारांत पसरतो. अभ्यासकांचा हिशोब असा, की रानडुकरांची संख्या नुसती आहे तिथं थोपवायची झाली तरी दरवर्षी शंभरातली साठ-सत्तर जनावरं कमी व्हावी लागतात. एखाददुसरं मारून हे होत नाही. दुसरं कारण, शिकाऱ्याच्या मक्यावर जगलेली डुकरं अधिक पिल्लं देतात. मारायला म्हणून घातलेला चारा वाढवायला कारणी लागतो. तिसरं कारण माणसाच्या स्वभावात आहे. शिकारीची हौस आणि बाजार उभा राहिला, की डुकरं संपावीत असं कुणालाच मनातून वाटत नाही. टेनेसी राज्यानं १९९९ साली डुकरांची शिकार राज्यभर खुली केली. डुकरं कमी होण्याऐवजी नव्या नव्या भागांत दिसू लागली, कारण हौशी मंडळींनीच ती नेऊन सोडली. २०११ साली त्या राज्याला धोरण बदलावं लागलं. मिसुरी राज्याच्या वन्यजीव खात्यानं तर २०१६ साली आपल्या ताब्यातल्या जमिनींवर डुकरांच्या शिकारीला बंदीच घातली. शिकाऱ्यांमुळं कळप फुटतात आणि सापळ्यांचं काम बिघडतं, हे त्याचं कारण होतं.

सापळा हा त्या लोकांना सापडलेला बरा मार्ग आहे, आणि त्यातही आमिषच लागतं. पण ते वेगळ्या रीतीनं वापरलं जातं. आधी मोकळ्या जागी मका टाकतात. कळप रोज येऊ लागला की त्याभोवती लोखंडी जाळीचा मोठा गोल कोंडवाडा उभा करतात, दार उघडं ठेवून. पहिले काही दिवस धीट जनावरंच आत जातात. कुणी दार पाडत नाही. हळूहळू पिल्लं येतात, बाकीच्या माद्या येतात, शेवटी ती जाणती मादीही आत येते. कॅमेऱ्यात बघून, सगळा कळप आत मोजल्यावरच दार पाडतात. मागं शहाणं होऊन पळालेलं एकही जनावर राहता कामा नये, हे यातलं सूत्र. याला बंदुकीपेक्षा धीर जास्त लागतो.

आता आपल्या मुलखात येऊ. आपल्याकडं मक्याची पिंपं नाहीत, पण नीट बघितलं तर कृष्णा-वारणेचं अख्खं खोरंच एक मोठं पिंप झालं आहे. पश्चिमेला कोयना आणि चांदोलीचं जंगल. चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० साली कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथून खाली उतरलं की पाटण, कराड, शिराळा, वाळवा इथली बागायती सुरू होते. ऊस बारा महिने उभा असतो, आडसाली असला तर दीड वर्ष. उभा ऊस म्हणजे डुकराला घर, सावली, ओलावा आणि खाणं एकाच जागी. तोड सुरू झाली की कळप एका फडातून दुसऱ्या फडात जातो आणि वाटेतल्या भुईमुगाचा, मक्याचा, रताळ्यांचा, भाताचा समाचार घेतो. ताकारी, टेंभू, म्हैसाळ योजनांचं पाणी पूर्वेच्या दुष्काळी भागात गेलं, ही आपल्या जिल्ह्यांची मोठी कमाई आहे. पण पाणी गेलं तसा ऊस गेला, द्राक्षं गेली, आणि उसामागं डुकरांनाही वाट मिळाली.

त्यात आपण आणखी भर घालतो. कोंबड्यांच्या दुकानातली घाण पोत्यात भरून ओढ्यात टाकतो. लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं अन्न गावाबाहेर ओततो. धाब्यामागं खरकट्याचे ढीग असतात. हे सगळं कुणी शिकारीसाठी करत नाही, पण डुकराच्या नाकाला हेतू कळत नाही, वास कळतो. गावाच्या वेशीवर रोज ठरलेल्या वेळी खाणं मिळतं, हे त्याला टेक्सासमधल्या डुकराइतकंच लवकर समजतं.

नुकसान शेतकऱ्याचं होतं, आणि ते थोडं नसतं. चार महिने राबून आणलेला भुईमूग एका रात्रीत उपटून पडतो. खाल्लेल्यापेक्षा तुडवलेलंच जास्त असतं. माळ्यावर बसून राखण करायची, डबे वाजवायचे, गोफण फिरवायची, फटाके उडवायचे. बांधावर जुन्या साड्या बांधायच्या, न्हाव्याच्या दुकानातले केस आणून पसरायचे. हे सगळे उपाय आठ-पंधरा दिवस चालतात. मग डुकराला कळतं, की साडीच्या आत माणूस नाही. ज्यानं एकदा हे सोसलं आहे, त्याला शहरात बसून भूतदयेचे पाठ देणं मला पटत नाही.

पण याच रागाच्या आडोशानं जे चालतं, तेही पटत नाही. ते म्हणजे गावठी बॉम्ब. खाण्याच्या पदार्थात दारू लपवून तो गोळा डुकराच्या वाटेवर ठेवतात. डुकरानं चावला की स्फोट होतो आणि जबडा फाटतो. जनावर बहुतेक वेळा जागेवर मरत नाही. तुटल्या जबड्यानं ते उसात शिरतं आणि अन्नपाण्यावाचून काही दिवसांनी मरतं. ठेवणाऱ्याला ते सापडलं तर त्याचं मांस विकलं जातं, नाही सापडलं तर वास सुटल्यावर शेतमालकाला कळतं. इथं पीक राखण्याचा संबंध फार थोडा असतो. हा बहुतेक मांसाचा धंदा आहे आणि शेतकऱ्याच्या दुःखाची झूल त्यावर घातलेली आहे.

हा गोळा कोण चावणार, हे ठेवणाऱ्याच्या हातात राहत नाही. आमच्या भाऊबंदांच्या शेजारची एक गाभण म्हैस बांधावर चरताना असाच गोळा चावली. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा ती उभी होती. खालचा जबडा लोंबत होता आणि समोर टोपलीत हिरवीगार वैरण होती. तिच्याकडं बघून ती तोंड पुढं न्यायची आणि मागं घ्यायची. चौथ्या दिवशी ती गेली. गोळा कुणी ठेवला होता, ते वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. नाव कुणी घेतलं नाही. ज्या बाईची म्हैस होती, तिच्या घरी दूध घालून जो पैसा यायचा त्यावर दोन पोरांची शाळा चालली होती.

२०२०च्या मे महिन्यात केरळात पालक्काड जिल्ह्यात एक गाभण हत्तीण अशीच तोंडात स्फोट होऊन मेली. ती नदीच्या पाण्यात तोंड बुडवून उभी राहिली होती, ते चित्र तेव्हा देशभर बघितलं गेलं. डुकरांसाठी फळात भरून ठेवलेली स्फोटकं तिच्या वाट्याला आली होती. आपल्याकडं हत्तीऐवजी कुत्री आहेत, गुरं आहेत आणि माणसाची पोरं आहेत. ऊसतोडीला बीडकडून, जतकडून आलेली कुटुंबं फडाच्या कडेला कोप्या घालून राहतात. आईबाप कोयता घेऊन फडात गेले की त्यांची लहान मुलं बांधावर खेळतात. बांधावर पडलेला गोळा त्यांना चेंडूसारखा दिसू शकतो. हे डोळ्यांपुढं आणलं तरी पुरे.

दुसरा प्रकार तारेचा. गाड्यांच्या क्लचच्या वायरचा फास कुंपणाच्या फटीत लावतात. लावला डुकरासाठी, अडकतो बिबट्या. तिसरा, विजेच्या खांबावर आकडा टाकून शेताभोवती उघडी तार ओढायची. रात्री पाणी पाजायला निघालेला शेजारी त्या तारेवर पाय देतो आणि घरी येत नाही. कधी तार ओढणाऱ्याचाच मुलगा जातो. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो.

कायदा काय म्हणतो, ते नीट माहीत असावं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात मारणं आणि विष घालणं आहेच, पण पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, हुसकणं आणि आमिष लावणं हेही आहे. त्याचा नुसता प्रयत्न हाही गुन्हा आहे. म्हणजे जनावर मेलं नाही, गोळ्याकडं फिरकलंसुद्धा नाही, तरी तो ठेवणाऱ्यानं शिकार केलेली असते. हा कायदा २०२२ साली दुरुस्त झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून दुरुस्ती लागू झाली. रानडुक्कर आता त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बॉम्ब असेल तर स्फोटक पदार्थांचा १९०८चा कायदा वेगळा लागतो.

मग शेतकऱ्यानं हात बांधून बसायचं का? तसं कायदाही म्हणत नाही. याच अधिनियमाच्या अकराव्या कलमात उभ्या पिकाचं नुकसान करणारं रानडुक्कर मारायला अधिकाऱ्याकडून लेखी परवानगी देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनानं २०१५ साली रानडुक्कर आणि नीलगाय यांच्यासाठी ही परवानगी वनक्षेत्रपालाच्या पातळीवर मिळावी असा निर्णय केला. केरळ सरकारनं २०२२ साली असा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत नेला. यात एक गोष्ट ध्यानात ठेवायची. परवानगीनं मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता असतं. ते खायचं नाही, विकायचं नाही. सवलत पिकासाठी आहे, पंगतीसाठी नाही.

मारण्याआधीचे उपाय आहेत, आणि ते जास्त टिकाऊ आहेत. आपल्याकडं ज्याला 'झटका मशीन' म्हणतात, ते सौर कुंपण यातलं सगळ्यांत कामाचं. ते आणि आकडा टाकलेली तार यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. झटका मशीन सेकंदा-सेकंदानं अगदी क्षणभराचा झटका सोडतं. जनावर बिचकून मागं सरतं, मरत नाही. आकड्याच्या तारेत मात्र सलग प्रवाह असतो, तो धरून ठेवतो आणि जीव घेतो. डुकरासाठी झटक्याची खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर लागते, कारण ते नाक खाली घालून शिरतं. त्या तारेला गवत टेकलं की झटका मरतो, म्हणून कडेचं गवत कापत राहावं लागतं. आणि हे एकट्यानं करून भागत नाही. एकानं कुंपण घातलं की कळप शेजाऱ्याकडं वळतो. दहा-वीस जणांनी मिळून सलग पट्ट्याला कुंपण घातलं तर खर्चही वाटला जातो आणि शेजारधर्मही राहतो. जंगलाला लागून असलेल्या गावांसाठी शासनाच्या योजनांतून यासाठी मदत मिळते. ती ग्रामपंचायतीत आणि वन कार्यालयात विचारून घ्यावी. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढून वन विभागाला कळवावं, पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवावं. उशिरानं दिलेल्या अर्जाला पाय फुटत नाहीत.

त्याही पलीकडं, जिथं डुकरं खरोखरच अनावर झाली आहेत, तिथं कळपच्या कळप पकडणाऱ्या कोंडवाड्याचा प्रयोग वन विभागानं गावाच्या मदतीनं करून बघायला हरकत नाही. आमिष तिथंही असेल, पण ते उजेडात असेल, जबाबदार माणसाच्या हातात असेल आणि त्याला दुसरं कुणी बळी पडणार नाही. आणि हे सगळं करताना ओढ्यातली पोती बंद झाली नाहीत, तर एका हातानं कुंपण घालायचं आणि दुसऱ्या हातानं पान वाढायचं, असा प्रकार होईल. ग्रामपंचायतीनं कोंबड्यांच्या दुकानदारांना आणि मंगल कार्यालयवाल्यांना घाण पुरण्यासाठी खड्डा नेमून दिला, तरी निम्मं आवतण थांबेल.

आमच्याकडं ज्या जनावराचं नाव घेणंही टाळतात, त्याच्याविषयी एवढा वेळ बोललो. नाव टाळल्यानं ते शिवारातून जात नाही, आणि बॉम्ब ठेवणाऱ्याचं नाव टाळल्यानं बॉम्बही जात नाही. त्या वाडीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही, हे मला त्या म्हशीच्या जबड्याइतकंच भयंकर वाटतं.

म्हणून शेवटी एकच सांगणं. बांधावर, उसाच्या कडेला, ओढ्याच्या वाटेवर पिठाचा किंवा आणखी कसला अनोळखी गोळा दिसला, तर हात लावू नका, काठीनं हलवू नका, लाथ मारू नका. गुरं आणि पोरं लांब न्या, एखादा माणूस राखणीला उभा करा आणि वनरक्षकाला, पोलीस पाटलाला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. तोडीच्या हंगामात फडावर आलेल्या बिऱ्हाडांना ही गोष्ट आधी सांगा. ती माणसं परमुलखातून आलेली असतात. आपल्या बांधावर कुणी काय मांडून ठेवलं आहे, हे त्यांना कोण सांगणार?